सहा नंबरच्या टाकीवरची चिठ्ठी

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची. पारनेरच्या एसटीने फाट्यावर सोडलं, तिथून कानिफनाथकाकांच्या एम-एटीवर बॅग मांडीवर घेऊन आले. इथलं सगळं धुणंपुसणं करणाऱ्या रतनमावशींचे हे यजमान. पूर्वी इथे दूध शीतकरण केंद्र होतं. आता नगरच्या हारिसभाईंनी त्याच थंड खोलीत समुद्री माशांच्या बारा टाक्या मांडल्या आहेत. टँकरचं पाणी गाळून, त्यात पोत्यातलं मीठ कालवून केलेला समुद्र! आई म्हणाली होती, मासेच सांभाळायचे तर निदान कोकणात तरी जा.

माझं काम ओळख पटवायचं. समुद्रातून आणलेल्या दगडांबरोबर न बोलावता आलेले फुलांसारखे जीव, म्हणजे पॉलिप, प्रवाळ, कोणते, ते ठरवून टाकीवर चिठ्ठी लावायची. हारिसभाईंचा नियम एकच: ओळख पटली नाही तर 'अनोळखी' लिहायचं, लाजायचं नाही. मला हसू आलं. अनोळखी लिहायला का मी एम.एस्सी. केलं?

खोलीचं दार अजून दुधाच्या काळातलंच आहे, जाडजूड, आतून-बाहेरून एकच कडी, छातीएवढ्या उंचीवर. दोन्ही हातांनी ओढावी लागते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अकरा टाक्यांवर चिठ्ठ्या लागल्या. सहा नंबरवर आधीच एक आहे, माझ्या आधीच्या माणसाच्या अक्षरात: 'अनोळखी. हात लावू नये.' डोळ्यांना काहीतरी झालं म्हणून तो काम सोडून गेला, असं मावशी सांगत होत्या.

आत दगडावर तपकिरी बटणांची दाट चटई आहे, कडेला हिरवी झाक, भोवती आखूड झालर. इथेच चित्र काढून ठेवलंय. बटणांच्या कातडीत वाळूचे कण रुतलेले दिसतात, तेही काढले. त्या माणसाचं मला नवल वाटतं, इतकं साधं ओळखता येऊ नये?

मावशी जाळ्या, बादल्या, सगळं उकळत्या पाण्याने धुतात. बावीस वर्षं इथेच दुधाचे कॅन धुतले. 'उकळ्या पान्याबिगर घान जात न्हाई,' हे त्यांचं पालुपद.

१० फेब्रुवारी, सोमवार

सहा नंबरची जुनी चिठ्ठी काढली. नवी लावली: 'बटण पॉलिप. निरुपद्रवी.' हारिसभाईंनी फोनवर विचारलं, खात्री आहे ना? मी हो म्हणाले.

तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाही. पुस्तकातल्या बटण पॉलिपच्या चित्रात वाळू नाही. तीनदा जाऊन पाहिलं. मी जवळ गेले की सगळी बटणं मिटतात, हात पाण्यात जायच्या आधीच. मागे फिरले की उघडतात. कुणाला सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सहा नंबरची चटई पाइपवरून पाच नंबरमध्ये पोचली. तिथलं महागाचं प्रवाळ अर्धं झाकून टाकलंय. मासे समोरच्या काचेला चिकटून आहेत, चारा टाकला तरी हलत नाहीत. हारिसभाई शनिवारी येणार.

मावशी म्हणाल्या, एवढा इचार कशाला, दगडं उकळून काढू की, लख्ख निघत्याल. आणि मग मला विचारलं, काही अपाय तर नाही ना? मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं.

सिलिंडर बाहेर ओसरीत, शेगडी आत, नळी दाराखालून. मोठं पातेलं चढवलं. गारवा जाऊ नये म्हणून दार लावलेलंच होतं. वाफेला ओल्या पत्र्यासारखा वास. अर्धे दगड झाले.

संध्याकाळपासून तोंड कडू आहे, जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यासारखं. मावशी खोकत घरी गेल्या. धुळीने असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

रात्रभर हुडहुडी. मावशींचे डोळे लाल झालेत, तरी आल्या. उरलेले दगड आज उरकू म्हणतात. थांबवायला हवं होतं. पण थांबवायचं म्हणजे सांगावं लागणार, मला ते काय आहे ते माहीत नाही. एवढं एक वाक्य. नाही निघालं तोंडातून.

पातेलं चढलंय.

साडेबारा

मावशी शेगडीपाशी खाली बसल्या. छातीवर हात. पोरी, पाय उचलंना, म्हणाल्या. मी धावले — धावलेच नाही, पोटऱ्यांत गोळे — पडले.

हारिसभाईंना फोन लावला. आधी त्यांनी विचारलं, ती चिठ्ठी कुणी काढली? मग म्हणाले, गाडी पाठवतो, ती वाफ श्वासात घेऊ नका, बाहेर —

फोन हातातून निसटला. कपाटाखाली गेलाय.

पाऊण

दारापर्यंत सरपटत आले. कडी वर आहे. उभं राहता येत नाही. हाका मारल्या, दार जाड — आवाज बाहेर जात नाही.

शेगडी चालूच, परत तिथवर सरपटवत नाही. मावशी श्वास घेतायत. मोजते आहे. लांब लांब.

वाळू. कातडीत वाळू होती. चित्र मीच काढलं. त्या माणसाला दिसलं, म्हणून त्याने लिहिलं — त्याला लाज वाटली नाही.

एक वाजता काका भाकरी आणतात. विचारत नाहीत, सरळ आत येऊन मावशींपाशी बसतात. रोज.

दाराखाली रबर फाटलंय. हे पान फाडून तिथून सरकवते.

एक

काका, दार उघडू नका. आधी ओसरीतला सिलिंडर बंद करा. मग तोंडाला ओला फडका बांधा. मावशी जिवंत आहेत. चूक माझी —

एम-एटी थांबली.

काका, थांबा, आधी हे वाचा —

कडी वाजते आहे. थांबा. सहा नंबर निरुपद्रवी नाही. मी उगाच लिहिलं. ते अनोळ