आत्यासाठी रजा नाही

सोम. २० फेब्रु. २००६
सेमिसीच्या वर्क परमिटच्या मुदतवाढीचा अर्ज पोस्टात टाकला. सोबत पासपोर्ट. मुदत मेअखेरपर्यंत होती, पण शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळायची सवय मला नाही. या इंग्लिश रग्बी क्लबात गळ्याशी आल्याशिवाय कुणी हलत नाही. ग्रॅहमसाहेब खूश. "यू आर अ स्टार, लव्ह." चीफ एक्झिक्युटिव्ह आहे, पण फोटोकॉपीअरमध्ये कागद मीच भरायचे.

सेमिसी सही करायला आला तेव्हा दारातच उभा राहिला. वीस वर्षांचा पोरगा, दार भरून टाकतो. म्हणाला, तिकडे टोंगा बेटांवर माझी आत्या हॉस्पिटलमध्ये आहे. म्हटलं, अरेरे, होईल बरी. पासपोर्ट पाठवू ना आज? "येस, मिस." सही केली, गेला.

शुक्र. २४ फेब्रु.
रिझर्व्ह टीमची मॅच. गारठा असा की चहा कपात गार. सेमिसीला तिघांनी मिळून पाडलं, उठला, पुन्हा तिघांच्या अंगावर गेला. रग्बी लीगमधलं मला अजून धड कळत नाही, पण हा मुलगा वेगळा आहे हे बाजूच्या म्हाताऱ्यालाही कळत होतं. नोव्हेंबरात आला तेव्हा कोट नव्हता. नवऱ्याचा, प्र.चा, जुना दिला तर एक बाही कोपरापर्यंतच गेली.

कोच मैदानावरून ओरडत होता, मुलगा सगळ्याला "येस, कोच". बोट सुजलं होतं तरी येस. हा कधी कुणा मोठ्या माणसाला नाही म्हणतो का? विचारायला हवं एकदा.

क्लबने त्याच्या लांब केसांचा फोटो सीझन तिकिटाच्या पोस्टरवर छापलाय. खाली 'आमचं नवं वादळ'. अजून एकही फर्स्ट टीम मॅच खेळलेला नाही.

मंगळ. ७ मार्च
त्याची आत्या गेली.

सकाळी ऑफिसात आला आणि माझ्या टेबलासमोर जमिनीवरच बसला. आई लहानपणीच गेलेली, वाढवलं आत्यानं. पण त्यासाठीच नाही, म्हणाला. आमच्यात वडिलांची बहीण सगळ्यांच्या वर. वडिलांच्याही वर. तिच्या मयताला भावाच्या मुलांनी असायलाच हवं, मागच्या बाजूला चुलीपाशी राबायला, फाटकी चटई कमरेला बांधून. तो पोचावा म्हणून घरच्यांनी पुरणं २५ तारखेपर्यंत थांबवलंय.

रजेचा फॉर्म मी भरला. नात्याच्या रकान्यात 'आँट' लिहिलं. काकू, मामी, मावशी, आत्या, यांच्याकडे सगळ्यांना एकच शब्द. ग्रॅहमनं हँडबुक उघडून दाखवलं. आई, वडील, बायको, मूल. "इट्स ओन्ली ॲन आँट, लव्ह. वुई ऑल हॅव आँट्स." मी सांगत बसले, तो मोबाईल बघत बसला. कडेनं पळणारा विंगर जखमी आहे, रविवारी सेमिसी फर्स्ट टीममधून खेळणार. "पोराच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आहे." हे मला सांगतो.

बुध. ८ मार्च
रजा मिळाली तरी जाणार कसा? पासपोर्ट मीच पाठवलाय.

व्हिसा ऑफिसच्या हेल्पलाइनवर पाऊण तास. बाई नीट बोलली, तिचा दोष नाही. पासपोर्ट परत मागता येतो, आठवड्यात येतोही. पण मागितला की अर्ज मागे घेतला असं धरतात. मग देशाबाहेरून नवा अर्ज, क्लबने पुन्हा मागणी केली तरच. ग्रॅहम करेल? विंगर बरा झाला की याचं नावही त्याला आठवणार नाही.

मेपर्यंत वेळ होता. मे. आत्या आजारी आहे हे पोरानं दारात उभं राहून मला सांगितलं होतं. ते सांगणं म्हणजेच 'नका पाठवू' होतं, आणि मी वर विचारते काय, तर पाठवू ना. आमच्या घरात तरी मोठ्यांना कोण तोंडावर नाही म्हणायचं? मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच.

प्र. म्हणतो, "अगं, तू नोकरी करतेस तिथे, नातं कशाला जोडतेस? नियम आहे तो आहे." हेच ऑक्टोबरात म्हणाला होता. दादाच्या मुलाचं बारसं, मी एकुलती एक आत्या, आणि आमचे दोघांचे पासपोर्ट व्हिसाच्या एक्स्टेन्शनला. पाळण्याशी चुलतबहीण उभी राहिली. पाठीत धपाटे तिला. मी यॉर्कशायरच्या स्वयंपाकघरात फोनमध्ये कुर्र करून नाव सांगितलं. लाइन मध्येच तुटली. प्र. तेव्हा बातम्या बघत होता. आज त्याच्याशी बोलले नाही. स्वयंपाक केला, पण बोलले नाही.

शनि. ११ मार्च
सेमिसीला सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हेही. चिडेल असं वाटलं होतं, चिडला असता तर बरं झालं असतं. "इट्स ओके, मिस." त्या ओकेचाच संताप येतो.

मग विचारलं त्यानं, तुमच्या भावाला मूल आहे का. म्हटलं, आहे, मुलगा. पाच महिन्यांचा. "मग तुम्ही त्याची तीच." माझ्या टेबलावरची कात्री उचलून माझ्या हातात दिली. मयताला भावाच्या मुलांचे केस कापतात, इथे कापायला त्याचं कुणी नाही.

मी म्हटलं, अरे पोस्टर. तो हसला. पहिल्यांदा.

खुर्ची त्याला पुरेना, खाली बसला. पाकिटं कापायची कात्री, केस जाड, हात भरून आला. तो हळू आवाजात काहीतरी म्हणत होता, गाणं की प्रार्थना, विचारलं नाही. मी रडले. केस वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं बॅगेत ठेवले.

रवि. १२ मार्च
खेळला. डोकं सगळं खाचखळग्यांचं, माझीच कारागिरी. लोक आधी हसले. दुसऱ्या हाफात त्यानं बॉल घेतला, चौघांना मागे टाकलं आणि कोपऱ्यात रेषेपलीकडे बॉल टेकवून ट्राय केला. मग हसणारेच उभे राहून ओरडत होते. तो उठला नाही, तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला. लोकांना वाटलं आनंद झालाय.

ग्रॅहम दोनदा येऊन गेला. एकदा ट्रायसाठी, एकदा केसांसाठी. पोस्टर परत छापावी लागणार. कुणी केलं हे, विचारत होता. मी म्हटलं, मी. "व्हॉट ऑन अर्थ फॉर?" म्हटलं, मी आत्या आहे. समजावलं नाही. समजावून झालं होतं मंगळवारी.

मंगळ. १४ मार्च
ग्रॅहमनं सकाळी तीन वर्षांचं काँट्रॅक्ट माझ्या टेबलावर ठेवलं. आजच सही घे. काल मी पासपोर्ट परत मागायचं पत्र टाइप करून ठेवलेलं. म्हणजे दोन कागद. एकावर सही केली तर दुसऱ्याला अर्थ नाही.

ट्रेनिंगनंतर सेमिसी आला. दोन्ही वाचले. मग माझ्याकडे बघून, "व्हॉट शुड आय डू, मिस?"

सांगितलं असतं तर केलं असतं त्यानं. जा म्हटलं असतं तरी, राहा म्हटलं असतं तरी. म्हणूनच नाही सांगितलं. मी विचारणारही नाही आणि सांगणारही नाही, म्हटलं, तुझं तू ठरव. त्याला ते फार जड गेलं, दिसत होतं. मग म्हणाला, तुम्ही गेला होतात का, भावाच्या मुलासाठी? म्हटलं, नाही. आणि अजून राग जात नाही. कुणाकुणाचा येतो त्याची यादी मोठी आहे, वर माझंच नाव.

दोन्ही कागद घेऊन गेला. विचार करून पोस्ट जायच्या आधी येतो म्हणाला. पोस्ट साडेचारला जातं, आता चार दहा.

व्हिसाच्या ऑफिसचा पत्ता घालून, तिकीट लावून मी त्या पासपोर्टच्या पत्रासाठी पाकीट तयार करून ठेवलेलं. आत्ता ते टेबलावर दिसलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. पुन्हा वेळेआधी. पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. कॉरिडॉरमध्ये त्याचे बूट वाजतायत.