डोकेदुखीची वही

अहो आई,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण मनातल्या मनात तुमच्याशी भांडायची माझी सवय सुटलेली नाही. इथे जर्मनीत, गेर्लिंगेनला, तुम्ही आमच्याकडे राहायला आलात आणि दुसऱ्याच महिन्यात तुमचं कानशील ठणकायला लागलं. तुमचा मुलगा सकाळी ऑफिसला गेला की दिवसभर आपण दोघीच. तुम्ही बाम चोळत स्वयंपाकघरात बसता, मी पोळ्या लाटते. दोन घास खाऊन ताट सरकवता आणि म्हणता, "पोळ्या आहेत की पुठ्ठे? चावून चावून जबडा भरून येतो." लग्नाला आठ वर्षं झाली होती, आठही वर्षं मी तुमचे टोमणे ऐकले होते. त्यातलाच हा एक, असं मी धरून चालले. वेणी घालताना तुम्ही "हळू गं, डोक्याला हात लाववत नाही" म्हणालात, तेव्हा मी मुद्दाम कंगवा जोरात ओढला. मला बरं वाटलं होतं.

हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, मी तुम्हाला दोनदा नेलं. पहिल्यांदा त्यांनी मान तपासली आणि वही ठेवायला सांगितली: कधी दुखतं, किती वेळ, आणखी काय होतं. तुम्ही मराठीत सांगायचात, मी जर्मनमध्ये लिहायचे. पोळ्यांचं आणि कंगव्याचं गाळायचे. दुसऱ्या भेटीत वही चाळत त्यांनी बरेच प्रश्न विचारले. चार दिवसांनी तुम्ही म्हणालात, "डाव्या डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालंय." मी म्हणाले, "चष्मा पुसा." संध्याकाळी तुमच्या मुलाने हॉस्पिटलात नेलं. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज होती; चावताना जबडा दुखणं ही त्याचीच खूण. आधी कळतं तर औषधाने डोळा वाचला असता, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उजवा वाचला, डावा कायमचा गेला.

तुमचा मुलगा त्या हाउसआर्त्स्टला अजून शिव्या घालतो. "साधा एक प्रश्न विचारता आला नाही त्या माणसाला," म्हणतो. तुम्हीही शेवटपर्यंत हेच म्हणत होतात, आणि मी मान डोलवत होते. हे पत्र त्याच्या हाती लागण्याआधी मी फाडून टाकणार आहे.

त्यांनी विचारलं होतं, आई. दुसऱ्या भेटीत, चावताना जबडा दुखतो का म्हणून. ते काय म्हणाले, असं तुम्ही मला विचारलंतही. "काही नाही," मी म्हणाले, आणि त्यांच्याकडे वळून जर्मनमध्ये 'नाइन', म्हणजे 'नाही', म्हटलं.