तीस सेकंदांची थाप

३ नोव्हेंबर
आजपासून रोज वीस मिनिटं. आरोग्य केंद्रातल्या हान मॅडम म्हणाल्या, पाळी थांबली की पोटापाठीचे स्नायू ढिले पडतात, सगळा भार कंबरेवर येतो. तक्ता दिलाय. व्यायाम झाला की खूण करायची. यंदा किमचीच्या तिखट लोणच्याचे पन्नास कोबी मी एकटीने उचलणार.

४ नोव्हेंबर, सकाळी ९
चटई टाकली. फरशीखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांनी जमीन मस्त तापलेली. पहिला व्यायाम आडवं होऊन दीर्घ श्वास. उत्तम जमला.

दुपारी १२
जाग आली. खूण केली. श्वास तर घेतलाच होता.

९ नोव्हेंबर
पाच खुणा आगाऊ केल्या. हेतू पक्का असला की तारखेचं काय एवढं!

११ नोव्हेंबर
हान मॅडमनी माझा तक्ता केंद्रातल्या व्यायामाच्या वर्गात सगळ्यांना दाखवला. टाळ्या. शेजारच्या बोक-जा ताईंनी (वय चौसष्ट, कंबर माझ्याहून वाईट) विचारलं, प्लँक किती वेळ करतेस? कोपरांवर नि पायाच्या बोटांवर अंग तोलायचं, तो. तोंडातून गेलं, तीस सेकंद. वर म्हटलं, दोनदा.

१८ नोव्हेंबर
ताई वर्गाला आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या. डोळे सुजलेले. म्हणाल्या, "मी आठ सेकंदांत कोसळते गं. तुझे तीस होतात. माझ्यातच काही राहिलं नाही. सोडलं मी."
जेवण गेलं नाही. म्हणजे दोनच वाट्या भात.

२० नोव्हेंबर
खरं सांगायला गेले. पेअर फळांची पेटी देऊन आले. ताई रडल्या, म्हणाल्या, किती जीव लावतेस. पेटी नेली नसती तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर
किमचीचा दिवस. सातव्या कोबीला कंबर धरली. ओरडले. ताई वाकलेल्या कंबरेने धावत आल्या, मला भिंतीला टेकवलं आणि निम्म्या कोबींना मीठ लावलं. म्हणाल्या, "व्यायामाचा अतिरेक झालाय तुझा. जरा कमी करत जा."
राहवलं नाही. सांगून टाकलं. तीस नाही. एकही नाही.
ताईंनी हातातला कोबी खाली ठेवला. "आणि मी मेली स्वतःलाच शिव्या घालत बसले!"
मीठ लावायचे रबरी हातमोजे इथेच टाकून गेल्या.

२६ नोव्हेंबर
हातमोजे धुतले. परत द्यायची हिंमत नाही. कंबर दुखतेय म्हणून हं.

६ डिसेंबर, सकाळी ७
कंबर जरा मोकळी झाली आणि बेल वाजली. चटई घेऊन ताई! मी ह्यांना कुजबुजून सांगितलं, मी घरी नाही म्हणावं. ह्यांनी बरोबर तसंच सांगितलं. ताई खाली बघत म्हणाल्या, "अनवाणी गेली वाटतं? चपला तर इथेच आहेत." हे खो खो हसले. फितूर.
ताई आत आल्या. "चल, हो आडवी. मोजणार मी. तुझ्यावर भरवसा नाही."
प्लँकचे त्यांचे अकरा सेकंद झाले. माझे चार. मोजत त्या होत्या, त्यामुळे काही करता आलं नाही.