बूट धरून शंभर किलो

३ फेब्रुवारी

एकशे आठ किलो, चारशे ग्रॅम. घ्या, लिहिलं!

मधुमेह चार वर्षांपासून आहे. त्याचं कधी काही वाटलं नाही. गोळी गिळायची, विसरून जायचं. पण आज सेफ्टीच्या साहेबांनी माझा पट्टा उलटा केला – क्रेनची शिडी चढताना अंगाला बांधतो तो – आणि आतली चिठ्ठी मोठ्यानं वाचली. 'कमाल भार शंभर किलो.' मग म्हणाले, "बूट, हेल्मेट, कपडे सगळं धरून हां." मग माझ्याकडे पाहिलं. डावीकडून उजवीकडे. बराच वेळ लागला त्यांना.

जूनपासून नियम कडक होणार. जूनच्या मेडिकलला ह्या शंभरात बसलो नाही तर केबिन दुसऱ्याला.

एकवीस वर्षं त्या केबिनमध्ये बसून क्रेन चालवतोय मी. दुसऱ्याला म्हणजे काय!

५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बायको बरोबर – खोटं बोललो तर पकडायला. तीन महिन्यांची साखर ९.१. मी म्हणालो, "बाई, मी पूर्ण शाकाहारी माणूस. अंडंसुद्धा नाही. मग वजन येतंय कुठून?"

"काल काय काय खाल्लंत?"

सांगितलं. सकाळी पावाचे चार तुकडे, जॅम लावून. दुपारी भात आणि बटाटे. चार वाजता बिस्किटं. रात्री पाव, बटाटे आणि दुपारचा उरलेला भात, वाया जायला नको म्हणून.

"यात भाजी कुठे आहे?"

"बटाटा."

पेन खाली ठेवलं त्यांनी. "तुम्ही शाकाहारी नाही. तुम्ही पिष्टाहारी आहात."

बायको अशी हसली की बाहेरच्या पेशंटनं दार उघडून आत पाहिलं. ती स्वतः दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथे म्हणे हसायला कारणच मिळत नाही. आज सगळी कसर भरून काढली.

हुकूम असे – अर्धं ताट भाजी, पाव ताट डाळ नाहीतर कडधान्य, उरलेल्या पाव ताटात भात किंवा पाव, दोन्ही नाही. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. खाल्लेलं वहीत लिहायचं. आणि बोट रोखून सांगितलं – "सकाळच्या गोळीनं साखर उतरते. ती घेऊन उपाशी राहायचं नाही. कळलं?"

कळलं.

९ फेब्रुवारी

जेवल्यावर चाला! माझी केबिन दीड मीटर बाय एक. अठ्ठेचाळीस मीटर उंचीवर. दोन पावलं चाललो की चाललोच.

काडीला वॉकी-टॉकीवर हे सांगितलं. काडी म्हणजे आमचा सिग्नलवाला. खाली उभा राहून 'वर, खाली, डावीकडे' सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावर मी लोड हलवतो. चौदा वर्षांची जोडी आमची. काडीसारखा म्हणून काडी. मला पोतं म्हणतो. म्हणाला, "पोत्या, तू हललास तर क्रेन तोल जाऊन पडेल. बसून राहा."

१६ फेब्रुवारी

१०६.९. दीड किलो गेलं!

डब्यात कोबी, काकडी, मसूर. काल कोबी, गाजर, चवळी. परवा कोबी. कोबीनं आमच्या घरात भाड्यानं खोली घेतली असावी. बायकोला म्हणालो तसं. ती म्हणाली, "अहो पिष्टाहारी, तुम्हाला बटाट्याची आठवण येतेय, सरळ सांगा ना."

येतेय.

२७ फेब्रुवारी

सासूबाईंचा फोन. "जावई वाळले म्हणे!" एकशे पाच किलोचा माणूस वाळला. देव त्यांचं भलं करो.

११ मार्च

१०४.१.

१८ मार्च

१०४.१.

२५ मार्च

१०४.३!! कोबी खाऊन वाढलो! ह्याला काय म्हणायचं? संध्याकाळी काडीनं नवीन नाव ठेवलं – 'कायमपोतं'. हसलो नाही. मग त्यालाच वाईट वाटलं.

जूनला काय राहिलंय आता. पंचाण्णवपर्यंत यायला हवं. बूट-हेल्मेट मिळून साडेतीन किलो भरतं, आणि हिवाळी जाकीट वेगळं. ह्या चालीनं नाही जमायचं. काहीतरी जालीम करायला हवं.

२८ मार्च

हात अजून नीट चालत नाहीये. पण आज सगळं लिहायचंच.

तीन दिवस मी दुपारचा डबा खाल्ला नाही. वर नेला आणि संध्याकाळी येताना वाटेत गाईला घातला. आज सकाळचंही खाल्लं नाही. गोळी मात्र घेतली. शहाणा!

दीडच्या सुमाराला सळ्यांचा भारा उचलला होता. दोन टन. खाली जेवणाची सुट्टी संपून माणसं परत येत होती. काडी म्हणतोय, "डावीकडे. अरे डावीकडे." मी नेतोय उजवीकडे. मला वाटतंय की मी बरोबरच नेतोय. मानेवरून घाम. हाताकडे पाहिलं तर क्रेनच्या दांड्यावर हात थरथरतोय, आणि तो हात माझा वाटेना.

काडीचा आवाज एकदम बदलला. "थांब. दोन्ही हात काढ."

काढले. भारा झुलत राहिला.

"काय होतंय?"

"माहीत नाही. घाम."

खाली त्यानं शिट्टी मारून सगळ्यांना मागे हटवलं, ते दिसलं मला. मग हळू, लहान मुलाला सांगावं तसं – "आता उजव्या हातानं दांडा जरासा पुढे. जरासा. बस. श्वास घे. परत जरासा." किती वेळ गेला कोण जाणे. भारा टेकला. मग म्हणाला, "आता किल्ली बंद कर आणि काही करू नकोस. मी येतो."

काडी! चौदा वर्षांत जो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढलेला नाही! घरी बल्ब बदलायलासुद्धा बायकोला स्टुलावर उभी करतो, हे त्यानंच सांगितलंय.

आला. अठ्ठेचाळीस मीटर. दार उघडलं तर चेहरा पांढराफटक, डोळे गच्च मिटलेले. खिशातून चहाच्या टपरीवरची साखर काढली, कागदाच्या पुडीत. "खा," म्हणाला. डोळे मिटूनच. निम्मी माझ्या शर्टावर सांडली. बाकीची खाल्ली. मग त्यानं खिशातून केळं काढलं, तेही खाल्लं. पंधरा-वीस मिनिटांत जग जागेवर आलं.

"बरं वाटतंय?"

"वाटतंय."

"मग आता मला सांग, मी खाली कसा उतरू?"

दीड मीटर बाय एकमध्ये आम्ही दोघं. मला हसू आलं, मग त्याला आलं, मग दोघांच्याही डोळ्यांत पाणी. शेवटी मी खाली आणि तो माझ्या वर, असे उतरलो. दर पायरीला मी सांगायचं – "डावा पाय. आता उजवा. खाली बघू नकोस, माझ्या टकलाकडे बघ." पाऊण तास लागला.

खाली आल्यावर म्हणाला, "मी कुणाला काही बोलणार नाही. वारा होता म्हणू."

२९ मार्च

बायकोला सांगितलं. डबा, गाय, सगळं. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. सिंकपाशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मग एवढंच विचारलं – "भाऱ्याखाली किती माणसं होती?"

नऊ.

"नऊ घरं," ती म्हणाली आणि नळ सोडला.

३० मार्च

सेफ्टीच्या साहेबांकडे स्वतः गेलो. वारा नव्हता, म्हणालो. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, बिनसाखरेचा. किल्ली मागितली. दिली.

जूनच्या मेडिकलपर्यंत खाली. काडीच्या हाताखाली, दुय्यम सिग्नलवाला.

१ एप्रिल

डॉक्टरीणबाई चिडल्या की त्यांचा आवाज बारीक होतो. "कोबीनं वजन वाढलं नव्हतं. शरीर थोडं थांबतं, मग पुन्हा उतरतं. तुम्हाला दोन आठवडे धीर नव्हता?" ती गोळी बंद केली, दुसरी दिली. नाश्ता सक्तीचा. डाळीचं प्रमाण वाढवलं, सोयाबीन आणि दही घातलं. "पोट भरलेलं राहायला हवं. तुम्ही ताटातून फक्त वजा करत गेलात."

बायकोनं आता नवीन पद्धत काढली आहे. रिकामा डबा हुंगते. "गाईचा वास येतोय का बघते," म्हणते. म्हणजे राग गेला.

८ एप्रिल

खालचं काम म्हणजे पायांचं काम! दिवसभर ह्या टोकापासून त्या टोकाला. आज अकरा हजार पावलं. रात्री बूट काढले तर पाय म्हणाले, आपण कोण?

माझ्या जागी नवीन ऑपरेटर आली आहे. बत्तीस वर्षांची. खारीसारखी शिडी चढते. मला काका म्हणते. माझ्या खुर्चीत तीन उशा घातल्यात म्हणे. खुर्चीला माझा खड्डा पडलाय.

१९ एप्रिल

१०१.८.

वरच्या नवीन ऑपरेटरला डावीकडे सांगताना मी उजवा हात केला. वॉकीवर – "काका, कोणतं ऐकू? तोंडाचं की हाताचं?" सगळी साइट हसली. काडी तर बसलाच खाली.

४ मे

जेवायला आता आम्ही सगळे सिमेंटच्या पोत्यांवर बसतो. एकवीस वर्षं मी वरून ह्यांची डोकी पाहिली, पिवळी आणि निळी. आज कळलं की निळ्या हेल्मेटखालच्या फिटरला एका कानानं नीट ऐकू येत नाही, आणि वेल्डर रोज बायकोची चिठ्ठी डब्यात शोधतो आणि तिला शिव्या देत खिशात घालतो. माझ्या सोयाबीनची सगळ्यांनी चव घेतली. मत एकमुखी – बुटाचं चामडं.

जेवलो की आम्ही कुंपणाला फेरी मारतो. आधी मी एकटा होतो. आता पाच जण. काडी पुढे.

१२ मे

उपाशीपोटी साखर ११८. दोनदा तपासली. मीटरवर विश्वास बसेना. मग बायकोचं बोट टोचून पाहिलं, तिची ९६. म्हणजे मीटर शहाणा आहे.

२५ मे

९७.२. पँटच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं. काडीनं हातोडा धरला, मी खिळा. नवीन नाव शोधतोय तो – पोतं आता बसत नाही म्हणे. 'पिशवी' विचाराधीन आहे.

१६ जून

मेडिकल! वजन ९४.८. बूट, हेल्मेट, कपडे धरून ९८.९!! तीन महिन्यांची साखर ६.६. डॉक्टरीणबाईंनी चक्क हात मिळवला. साहेबांनी किल्ली परत दिली, सगळ्यांसमोर. नवीन ऑपरेटरला पलीकडच्या साइटवर पाठवणार. काडीनं टाळ्या वाजवायला लावल्या. वाजवल्या, पण जरा लवकर थांबल्या असं वाटलं मला.

१७ जून

चढलो. एकदाही न थांबता! पूर्वी तीनदा थांबायचो. वर सकाळ तशीच, स्वच्छ. तीन उशा काढून ठेवल्या. खुर्चीचा खड्डा आता मला मोठा होतो.

काम उत्तम झालं. एकही चूक नाही. काडी वॉकीवर शहाण्यासारखा बोलत होता, एकदाही चिडवलं नाही. साडेबाराला खाली सगळे पोत्यांवर बसलेले दिसले. मग उठून कुंपणाची फेरी सुरू केली. पिवळी डोकी, निळी डोकी. मी मोजली. डबा संपवला. दोन पावलं चाललो.

१८ जून

सकाळी साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली. म्हणालो, केबिन तिच्याकडेच राहू द्या, मला खाली ठेवा. कायमचं. साहेब म्हणाले, "मग साडेचार महिने हे सगळं केलंस कशासाठी?"

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं, आता महिनाभराची थट्टा. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालतच म्हणाली, "एकवीस वर्षं, वारा सुटला की मी काउंटरवरचं काम थांबवून घड्याळाकडे बघत बसते. तुम्हाला कधी बोलले नाही. तुम्हाला वर आवडायचं ना."