न दुखणारी सुई

९ जानेवारी २०००
गोंदायचं मशीन जळलं! मोटारीच्या कॉइलमधून धूर निघाला, खोलीभर वार्निशचा वास. पुन्हा सगळी वायर गुंडाळायची. कारखाना बंद पडेपर्यंत मोटारींची वाइंडिंगच केली, म्हणून हात बसलेला आहे. डोकं मात्र ठिकाणावर नाही.

मुक्ताई असती तर म्हणाली असती, "आता घर जाळा, म्हणजे झालं!" म्हणायला तरी हवी होती. दिवाळीला वाघोलीला माहेरी भावाकडे गेली, ती गेलीच.

१५ जानेवारी
हडपसरच्या सायबर कॅफेत बसून अमेरिकेतल्या गोंदायच्या मशीनची चित्रं बघितली. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे एकानं कागदाला भोकं पाडणारं विजेचं पेन घेतलं आणि त्याचं गोंदायचं मशीन केलं म्हणे. पुढे कॉइली आल्या. म्हणजे आपली दारावरची बेल की हो! पट्टी खेचली जाते, करंट तुटतो, पट्टी सुटते, पुन्हा खेचली जाते. दिवसभर बुधवार पेठेत टेबल टाकून मी लोकांच्या बेलच दुरुस्त करतो, आणि हे दिसलं नाही! शहाणाच मी.

२३ जानेवारी
लग्नानंतरची पहिली जत्रा आठवत बसलो. आईचा हट्ट – सुनेच्या हातावर नवऱ्याचं नाव हवंच. गोंदणवाल्याकडे टेपरेकॉर्डरच्या मोटारीचं मशीन, बॅटरीवर चालणारं. नांगर घातल्यासारखी सुई चालली. मुक्ताईनं ओठ दाबून माझी बाही धरून ठेवली होती. मनगट सुजलं, ताप भरला. रडली बिचारी. मी म्हणालो, "थांब, न दुखणारं मशीन करून दाखवतो." तर हसली! एवढ्या तापात हसली.

ते हसू मला परत हवंय. बाकी काही नको.

६ फेब्रुवारी
दुधी भोपळ्यावर रेघ मारली. जाड. मग त्याच भोपळ्याची भाजी केली. तीही बिघडली.

१४ फेब्रुवारी
वाघोलीच्या स्टॉपवर उतरलो. चहा घेतला. परत आलो.

२७ फेब्रुवारी
मेव्हण्याला फोन केला. नागोराव म्हणाला, "ती कामावर हाय, दाजी. कालेजच्या मेसमधी." मी म्हटलं, मशीन होत आलंय, तिला सांगा. तर म्हणतो, "त्या मशीनपायीच गेली ना ती? एका खोलीत किती दिस ती घरघर ऐकायची माणसानं? तुमी तिच्याशी बोलत तरी होता का?"

आपटला फोन. ह्यांना कळत कसं नाही? मशीन तिच्यासाठीच तर चाललंय!

१२ मार्च
झालं!!

स्प्रिंग जड होती, म्हणून ठोके सावकाश पडायचे आणि सुई रुतायची. आज हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून बसवला, स्क्रू जरासा मागे घेतला – आणि घरघर गेली. भुंग्यासारखा बारीक आवाज. मांडीवर रेघ ओढली. मुंगी चालल्यासारखं वाटलं, बस्स. केसाएवढी रेघ! नाचलो अक्षरशः. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली.

पण सांगू कुणाला? स्टोव्हशी जाऊन उभा राहिलो. तिथं ती नसते हे माहीत असून.

२६ मार्च
वरच्या मजल्यावरच्या विक्रमनं दंडावर विंचू काढून घेतला. कॉम्प्युटर कंपनीत आहे. "काका, सॉलिड लाइन आहे यार! दुखलंच नाही. दुकान टाका, आमची अख्खी टीम येईल."

दुकान मरू दे. नागोरावला फोन केला – मशीन झालं, तिला सांगा. मग म्हणाला, "सांगतो."

२ एप्रिल
उद्या येतेय! तिनंच निरोप पाठवला. चादर धुतली. सुया कुकरमध्ये उकळल्या. गजरा आणला आणि कुठं ठेवावा कळेना, माठावर ठेवलाय. या वयात!

३ एप्रिल
आली. बारीक झालीय. पाणी दिलं. मशीनकडे बघत राहिली. "हेच का ते?" "हेच." मी चालू करून दाखवलं. म्हणाली, "आवाज खरंच कमी झालाय." मला काय आनंद झाला!

मग बांगड्या मागे सारून मनगट पुढे केलं. "यावर काही काढता येईल का? वेल, पानं, काहीही. नाव दिसायला नको."

चेष्टा वाटली. तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती.

"हे नागोरावनं ठरवलंय का?"

"नाही. मीच ठरवलंय." मग हळूच, "दुसऱ्या गोंदणवाल्याकडे जाणार होते. पण भीती वाटते हो सुईची."

नाही म्हणता आलं असतं. पण मग गेली असती कुठल्या तरी जत्रेत, आणि पुन्हा कुणी तरी तिच्या हातावर नांगर घातला असता. मला ते सहन झालं नसतं. बसलो. एकेका अक्षरावर एकेक पान काढलं. चांगली दाट पानं, खालचं काही दिसू नये अशी. या वेळी तिनं माझी बाही धरली नाही. धरायची गरजच नव्हती.

"खरंच दुखत नाही," म्हणाली. मनापासून म्हणाली. मला रडू येत होतं आणि हात हलू द्यायचा नव्हता.

गजरा द्यायचा राहिला.

४ एप्रिल
लग्नापासून तिनं कधी माझं नाव घेतलं नव्हतं. 'अहो', 'ऐकलंत का', चार लोकांत 'आमचे हे'. उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा तर लाजून आत पळाली होती.

काल दारात चपला घालता घालता म्हणाली, "येते, रंगनाथराव."