शनिवारच्या वर्गातला जोडीदार

८ जून, शनिवार

हाणला! सुराचेतच्या थोबाडावर अशी ठेवून दिली की दात हलला असेल. भर वर्गात. चाळिशी उलटलेली आमची सगळी बॅच बघत राहिली.

रयोंगच्या कारखान्यांतल्या आम्हा जुन्या तंत्रज्ञांना कंपनी आणि विद्यापीठ मिळून दर शनिवारी रोबो शिकवतात. पास झालो की इंजिनिअर. शिकवणाऱ्या निचापाबाईंनी जोडी लावली — मी आणि तो. हात धुताना त्याने बाही वर केली आणि दंडावरचं गोंदण दिसलं. त्या कॉलेजचं! त्याच कॉलेजच्या पोरांनी बँकॉकच्या बसमध्ये माझ्या धाकट्या भावाला, अननला, सुरे खुपसले. का? तर दोन कॉलेजांचं जुनं वैर, आणि अंगात आमच्या कॉलेजचा शर्ट होता म्हणून. सतरा वर्षांचा होता. हे ओरडून सांगतच हाणला.

सुराचेतने उलट हात उचलला नाही. रक्त पुसत एवढंच म्हणाला, "झालं का, दादा?"

भेकड.

९ जून

हात सुजलाय. बायकोला सांगितलं, दारात चेमटला.

१३ जून, गुरुवार

गुरुपूजन. बाईंनी मुद्दाम फुलांचं तबक आम्हा दोघांच्या हातात दिलं. गुडघ्यांवर सरकत, खांद्याला खांदा लावून त्यांच्यापर्यंत गेलो. माझ्या मुलीच्या वयाची पोर ही! फुलं घेताना हळूच म्हणाली, "विरतदादा, आता तुम्ही दोघं एका गुरूचे चेले. पुन्हा हाणामारी झाली तर कंपनी वर्ग बंद करेल, सगळ्यांचाच." मी मान डोलावली.

१५ जून, शनिवार

रोबोभोवतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात पाळीपाळीने एकाने आत जायचं, दुसऱ्याने बाहेर रिमोट धरायचा. आत जाणाऱ्याने दाराला स्वतःचं कुलूप घालायचं, म्हणजे यंत्र चालूच होत नाही. आम्ही जुनी खोडं, कुलूप कोण घालतो! "एका मिनिटाचं काम," म्हणायचं आणि घुसायचं. मीही तसाच घुसलो. बाई ओरडून थकल्या.

२२ जून, शनिवार

तो आत. कुलूप नाही. रिमोट माझ्याकडे. बाई फळ्याकडे वळलेल्या.

दाबलं.

लोखंडी हात त्याच्या छातीत बसला. बरगड्या मोडल्याचा आवाज बाहेर आला. तो जाळीवर आपटला — हात पुन्हा आला — पुन्हा! मी दाबूनच धरलं होतं. शेवटी बाईंनी धावत येऊन लाल बटण ठोकलं.

बरं वाटलं! खोटं कशाला लिहू? खूप बरं वाटलं. मग संडासात जाऊन ओकलो.

२३ जून

अपघात ठरला. कंपनीचे साहेब म्हणाले, "कुलूप नव्हतं, चूक त्याचीच." वर्ग चालू राहणार.

२५ जून

लोकलाजेस्तव दवाखान्यात गेलो. तो अजून शुद्धीवर नाही. बाहेर बाकावर त्याची बायको पिमजाई. तिने सरकून मला जागा करून दिली.

"विरतदादा ना तुम्ही? ह्यांच्याही धाकट्या भावाला तुमच्याच कॉलेजच्या पोरांनी मारलं. अपघाताच्या आधीच्या शनिवारी तुम्ही पिंजऱ्यात होतात, कुलूप न घालता. रिमोट ह्यांच्या हातात. घरी येऊन रडले हो. म्हणाले, बोट बटणावर होतं गं, पण दाबवलं नाही."