रिकाम्या भिंतीची वजावट

दि. ९ नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र व त्यासोबतचे कागद मिळाले. माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते, थंडी सुरू झाली असली तरी घर ऊबदार आहे. हे तू विचारणारच, म्हणून आधी लिहून टाकले. तुझे गुडघे आणि तुझे चष्म्याचे दुकान, दोन्ही ठीक चालत असतील अशी आशा करतो. (हा विनोद तुझ्या ताईचा. मी केवळ पोचवत आहे.)

आता मुख्य विषय. घरांच्या भिंतींत आणि छतांत थंडी रोखणारा भराव भरून देणारी ही कंपनी. तिने आमच्या घराचे काम केले आणि त्यानंतर लगेच तुम्ही दोघी बहिणींनी तिचे शेअर घेतले. मला विचारले नाही, हेही आठवते. आता एक मोठी कंपनी तिला गिळू पाहत आहे आणि महिनाअखेरपर्यंत ठरावीक भावाने सर्वांचे शेअर घेण्यास तयार आहे. तू लिहितेस, "भाऊजी, जन्मभर लोकांच्या कंपन्यांची किंमत काढलीत, आता माझ्या पुंजीची काढा. विकून दुकान बंद करू, की ठेवून गुडघे झिजवू?" प्रश्न योग्य आहे. तुझी सारी बचत त्यात आहे, म्हणून उत्तर जबाबदारीने देतो. दिवंगत भागधारकाचा हिस्सा आता माझ्या नावावर असल्याने तेच उत्तर मलाही लागू आहे.

भाव बाजार सांगतो. मूल्य आपल्याला काढावे लागते. या कंपनीचे बहुतेक काम नव्या घरांचे आहे. गेली काही वर्षे घरे भराभर उठली, त्यामुळे नफाही उठला. बाजाराने ती चढती रेघ पाहिली आणि पट्टी लावून पुढे आकाशापर्यंत ओढली. थोडक्यात, कंपनीला हरभऱ्याच्या झाडावर चढवले आहे. घरबांधणी थंडावली की हिचे भराव सोडायचे पाइप गाडीतच राहतील. म्हणून मी गेल्या वर्षाचा नफा न धरता चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी धरली.

दुसरे असे की कंपनी गावोगावचे छोटे ठेकेदार विकत घेऊन वाढली आहे. त्यांच्या मालमत्तेहून जे जास्त मोजले, ते ताळेबंदात 'ख्यातिमूल्य' म्हणून बसले आहे. ख्यातीची किंमत जुने कारागीर टिकून आहेत तोवरच. जमेच्या बाजूला, कर्ज थोडे, यंत्रसामग्री थोडी, आणि कामाचे पैसे वेळेवर येतात. हे सर्व मिळून येणारे मूल्य देऊ केलेल्या भावाच्या थोडे खाली बसते. फरक इतका अल्प आहे की शेअर ठेवले तरी कोणी मूर्ख म्हणणार नाही.

मात्र एक बाब अशी आढळली की त्यामुळे मी मूल्यातून आणखी वजावट केली आहे. ती सविस्तर लिहितो.

नुसते कागद वाचून किंमत काढू नये, गोदामात जाऊन माल पाहावा, असा माझा नेम होता. येथे गोदाम म्हणजे आपलेच घर. भिंत भरून झाली की कारागीर ती बोटाच्या पेराने वाजवून पाहतात, हे ठाऊक होते. भरलेली भिंत बद्द वाजते, रिकामी डब्यासारखी. त्याप्रमाणे रविवारी मी प्रत्येक भिंत वाजवत घरभर फिरलो. शेजारच्यांनी खिडकीतून पाहिले आणि बहुधा चुकीचा अर्थ घेतला असावा. सर्व भिंती बद्द वाजल्या, एक सोडून. माझी अभ्यासिका आणि तुझ्या ताईची खोली यांच्यामधली भिंत पूर्ण रिकामी आहे. कागदावर मात्र 'सर्व भिंती' असे स्पष्ट लिहिलेले आहे.

खात्रीसाठी ती पलीकडूनही वाजवणे आवश्यक होते. त्या खोलीत काही कारणाने बरेच दिवस जाणे झाले नव्हते. गेलो. भिंत पलीकडूनही रिकामीच वाजली. शिवाय अभ्यासिकेतले घड्याळ तेथे इतके स्पष्ट ऐकू येते की जणू उशाशी ठेवले आहे. एवढी तपासणी पुरेशी होती. तरी पलंगाशेजारच्या खुर्चीवर मी बराच वेळ बसलो. त्याचा मूल्यांकनाशी संबंध नाही.

माझा निष्कर्ष असा: जी कंपनी ग्राहकाच्या डोळ्यांदेखत एक भिंत चुकवते, ती इतर घरांतही चुकवत असणार. तक्रारी वाढतील, हमीपोटी पुन्हा काम करून द्यावे लागेल, ख्यातिमूल्य घसरेल. म्हणून 'कामातील त्रुटीपोटी वजावट' असे एक कलम घातले आहे. त्याने मूल्य देऊ केलेल्या भावाच्या बरेच खाली जाते. म्हणजे विकावे.

मी कंपनीला कळवले आहे. हमी अजून चालू आहे. येत्या गुरुवारी माणसे येऊन ती भिंत भरून देतील. नवा मालक येण्याआधी हे उरकलेले बरे.

एका गोष्टीची खात्री तूच देऊ शकतेस. भिंती भरल्या त्या दिवशी मी कामावर होतो, आणि तू घरी आली होतीस. कारागीर ती भिंत विसरले, की वेळ वाचवण्यासाठी सोडून गेले? विसरणे आणि टाळणे यांची वजावट सारखी नसते. लवकर कळव.

तुझा,
भाऊजी

ता. क. तिची शिवणयंत्राची पेटी तुला हवी असल्यास सांग. मला त्या खोलीतून काहीही हलवण्याची घाई नाही.


दि. १७ नोव्हेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्राला पत्राने उत्तर द्यावे अशी माझी अपेक्षा होती. तू फोन केलास. फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तू जाणतेस. म्हणून जे बोलायचे राहिले ते येथे लिहितो. तू म्हणालीस तेही उतरवून ठेवतो, कारण ते मला जसेच्या तसे हवे आहे.

प्रथम तू हसलीस. "भाऊजी, म्हणजे आपल्या भिंतीचे पैसे तुम्ही अख्ख्या कंपनीच्या किमतीतून कापलेत?"

मी म्हणालो, "वजावट धरली आहे."

"अहो धरा की सोडा! ती भिंत कोणी विसरलं नाही. ताईनं सोडायला लावली."

मी विचारले, का. तू सांगितलेस ते असे. मुकादम पाइप घेऊन त्या भिंतीशी उभा होता आणि तुझी ताई आडवी उभी राहिली. तो म्हणाला, "बाई, एकच भिंत सोडली तर काम अर्धवट दिसेल. उद्या साहेब ओरडतील." त्यावर ती म्हणाली, "ओरडू द्या ना. ओरडले तर ऐकू यायला हवं, म्हणून तर सोडायची."

मुकादम हसला, तूही हसलीस. मग तुला बाजूला घेऊन ती बोलली. "हे त्या खोलीत शिरले की दिवसभर शब्द नाही. खुर्ची सरकते, खोकतात, आकडा चुकला की 'अरेरे' म्हणतात. तेवढंच ऐकू येतं. तेही बुजवून टाकू?"

यानंतर तू म्हणालीस, "भाऊजी? ऐकताय ना?" आणि मी म्हणालो की आवाज तुटतो आहे, नंतर बोलू. आवाज तुटत नव्हता. लाइन अगदी स्वच्छ होती.

एक गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी वाटली नव्हती. मी काम संपवून अभ्यासिकेतून बाहेर आलो की टेबलावर चहा ओतलेला असे. फार गरम नाही, निवलेला नाही. मी तिच्या वक्तशीरपणाचे कौतुक करी. एकदा म्हणालो, तू घड्याळाप्रमाणे चालतेस. ती म्हणाली, "तुमच्या घड्याळाप्रमाणे." मला वाटले ती अभ्यासिकेतल्या भिंतीवरच्या घड्याळाविषयी बोलते आहे. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज ऐकून ती उठत असे, हे आता कळते. पुढे तिला उठणे शक्य नव्हते तेव्हाही, मी बाहेर येऊन तिच्या दाराशी पोचण्याआधीच ती विचारायची, "झालं का काम?" औषधांमुळे झोप लागत नसावी, असे मी डॉक्टरांना सांगितले होते.

मी स्वतः तिचे शिवणयंत्र कित्येक वर्षे ऐकत होतो आणि ऐकतो आहे हे मला ठाऊक नव्हते. आता ते ऐकू येत नाही, हे मात्र फार स्पष्ट ऐकू येते.

गुरुवारी माणसे आली. येऊ नका असे त्यांना कळवायला मी विसरलो, असे म्हणायचे होते. खरे म्हणजे काय कळवावे ते सुचले नाही. योगायोगाने तोच मुकादम होता, आता केस पांढरे झालेला. त्याने पेराने भिंत वाजवली आणि म्हणाला, "साहेब, ही रिकामीच आहे."

"माहीत आहे," मी म्हणालो. "ती तशीच राहू द्या."

"अहो, मग आम्हाला बोलावलंत कशाला?"

"चहा घ्यायला."

मी असे काही बोलेन याची मला कल्पना नव्हती. त्यांनाही नव्हती, पण त्यांनी पाइप खाली ठेवले आणि बसले. चहा मी केला. फार गरम झाला. मुकादम बशीत ओतून घेताना म्हणाला, "बाई दिसत नाहीत?" मी सांगितले. त्याने बशी खाली ठेवली. जाताना तो पुन्हा आत गेला आणि त्या भिंतीवर हलकेच दोनदा पेर वाजवले, तपासायला नव्हे. मी त्याला कारण विचारले नाही.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर, कारण महिना निम्मा सरला आहे. त्रुटीपोटी केलेली वजावट मी मागे घेतली आहे. त्रुटी नव्हती. कारागिरांनी ग्राहकाचे ऐकले. कागदावर तसे नोंदवले नाही एवढाच त्यांचा दोष, आणि त्यासाठी मूल्य कमी करण्याइतका मी कोरडा नाही. त्यामुळे मूल्य वर आले, परंतु देऊ केलेल्या भावाच्या खालीच राहिले. माझा सल्ला बदललेला नाही. वीक. दुकान बंद कर, गुडघ्यांना विसावा दे. ताईने घेतले होते म्हणून हे शेअर सांभाळून ठेवू नकोस. भावनेपोटी शेअर ठेवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्यात तुझी किंवा माझी भर नको. माझ्या विक्रीच्या कागदावर मी आज सकाळी सही केली.

दुकान बंद झाल्यावर तू चार दिवस इकडे यावेस असे मला वाटते. "वाटते" हे अपुरे आहे, ये. तुझी व्यवस्था तिच्या खोलीत करतो. खिडकी उघडून ठेवली आहे आणि पलंगावर नवी चादर घातली आहे. माझ्या आवाजाचा त्रास होईल, याची पूर्वसूचना देऊन ठेवतो. घर बाकी सर्व बाजूंनी इतके बंद आहे की बाहेरचे काही आत येत नाही. पूर्वी मी याला कामाचा दर्जा म्हणत असे.

आणखी एक लिहून पुरे करतो. आकडा चुकला की मी 'अरेरे' म्हणतो, हे मला आजवर ठाऊक नव्हते. काल तुझे मूल्यांकन शेवटचे तपासत होतो. बेरीज पहिल्याच फटक्यात बरोबर आली. तरी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

भिंतीच्या या बाजूचा,
तुझा भाऊजी